खोट्या नावाची वही

धाकटी बहीणही डॉक्टर झाली, तेव्हा थोरल्याने स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप घातला होता. आपल्या दवाखान्यात तिला शेजारचं टेबल द्यायचं, हेही त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. तिने दहा वर्षं मोठ्या रुग्णालयात काढली आणि मग दोन गल्ल्या सोडून भलतंच दुकान थाटलं. म्हणे फंक्शनल मेडिसिन! म्हणजे रोगाला नाव देऊन गोळी द्यायची घाई नाही. माणूस खातो काय, झोपतो किती, कुढतो कशावर, हे आधी खणून काढायचं. एकेका पेशंटला तासभर. तेवढ्यात थोरला पंधरा पेशंट हातावेगळे करायचा.

"आमच्या भाजीवालीचं बरं चाललंय ना?" तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा. डॉक्टर हा शब्द त्याने तिच्यासाठी कधी वापरला नाही.

बरं चाललं होतंच, तीच तर त्याची पोटदुखी होती. शाळांमधून तिची भाषणं, बाजारात तिच्याभोवती बायकांचा घोळका. त्याच्या बाकावर मात्र जागाच जागा. वीस वर्षांचा जुना पेशंट, कोपऱ्यावरचा शिंपी, एक दिवस नुसता दाखला मागायला आला आणि वर सांगू लागला, "ताईंनी पाव सोडवला, डॉक्टर. काय हलकं वाटतंय!" थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. सही करताना दाखला फाटला.

आता तिचं बिंग फोडायचंच. नव्या पेशंटने आधी सात दिवसांची वही भरून द्यायची, असा तिचा शिरस्ता होता. थोरल्याने आपल्या म्हाताऱ्या कंपाउंडरच्या नावावर वही आणवली. ठणठणीत माणसालाही ती काहीतरी पथ्य चिकटवणार, मग ती वही चार डॉक्टरांत फिरवायची! ठणठणीत माणूस म्हणजे तो स्वतः. नाव खोटं टाकलं, पण केसपेपरवर खोटं लिहायला तीस वर्षांत हात वळला नव्हता, तो आताही वळेना. चहा नऊ कप, साखर दोन चमचे. दुपारी खणातली बिस्किटं, उभ्याउभ्याने. तहान फार. रात्री तीनदा उठावं लागतं. कुढण्याचं कारण? बराच वेळ पेन चावून त्याने लिहिलं, 'घरचं माणूस.'

भरलेली वही कंपाउंडरने तिच्याकडे पोचवली आणि तिसऱ्या दिवशी ती परत आली. पथ्याची यादी नव्हतीच. शेवटच्या पानावर एवढंच होतं: "वही लिहिणाऱ्यांची साखर आजच तपासा. गोळ्या लागतील. त्या तुमच्या डॉक्टरांनीच ठरवाव्यात, त्यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. जेवणाचं मी बघेन. घरचं माणूस रागावलेलं नाही."

कंपाउंडरने त्याचं बोट टोचलं. आकडा चांगलाच चढलेला निघाला. दुसऱ्या कुणी हीच लक्षणं सांगितली असती, तर थोरल्याने मान वर न करता निदान केलं असतं. स्वतःच्या अक्षरात लिहूनही त्याला दिसलं नव्हतं. भीती वाटायच्या आधी त्याचा जळफळाट झाला. हेही तिलाच कळावं!

दुसऱ्या दिवशी तो तिच्या बाकावर शिंप्याशेजारी मान खाली घालून बसला. दार उघडलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या वहीकडे पाहिलं आणि हसू दाबत हाक मारली, "कंपाउंडर, या आत."

सगळा बाक वळून बघू लागला. थोरला उठला.

"आलो, डॉक्टर," तो म्हणाला.