पुना म्हणजे चमचा

नाताळच्या सुट्टीत माझी मुलगी तिच्या लेकीला घेऊन परळला आली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर घरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. दारावर 'पुका'. खुर्चीवर 'नोहो'. उशीवर 'उलुना'. जेवणाच्या टेबलावर 'पाकाउकाउ' आणि माझ्या नव्याकोऱ्या फ्रीजवर 'पाहू हाउ'. सगळं इंग्रजी अक्षरांत, रंगीत स्केचपेननं लिहिलेलं.

"हे काय लावलंय?" मी विचारलं.

"आजीला शिकवायचंय तिला," मुलगी म्हणाली. "त्यांच्या शाळेत असंच शिकवतात. घरातल्या वस्तूंवरून."

मुलगी नोकरीसाठी हवाईला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून राहिली. जावई मूळचा त्या बेटांवरचा. स्वभावानं चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. नात सात वर्षांची. तिची शाळा हवाईयन माध्यमाची, गणितसुद्धा त्याच भाषेत. बापाशी हवाईयन बोलते, आईशी इंग्रजी. मराठीतले दोन शब्द येत होते तिला, 'आजी' आणि 'बस'.

येताना मुलीनं माझ्यासाठी दोन कुशन कव्हरं आणली होती, हिरव्या पानांची, मधोमध 'हाले' असं भरतकाम केलेलं. हाले म्हणजे घर. मी ती सोफ्यावर घातलीसुद्धा होती. पण चिठ्ठ्या बघून माझं डोकं फिरलं. पोरीला खुर्ची म्हणता येत नाही, टेबल-फ्रीज तर इंग्रजीच शब्द, तेही चालले असते. पण माझ्या घरात येऊन मलाच पाकाउकाउ शिकवायचं?

मी मुलीला स्वयंपाकघरात गाठलं. "जगातल्या कुठल्या कुठल्या भाषा शिकवशील तिला. आईची तेवढी नको, नाही का? लाज वाटते मराठीची?"

ती कांदा चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"मला कुठे येते धड मराठी? मराठी शाळेत घातलंस मला? घरी मराठीत बोलले की 'स्पीक इन इंग्लिश' कोण म्हणायचं? पाहुणे आले की मला पोपटासारखं उभं करायचीस. आता मी कुठून आणू मराठी?"

ते खरं होतं, म्हणून राग जास्तच चढला. "ठीक आहे," म्हटलं. "मी शिकवते. आजपासून."

दुपारी लालबागला जाऊन जाड कागद आणि मार्कर घेऊन आले. प्रत्येक चिठ्ठीखाली माझी चिठ्ठी, देवनागरीत. दार. खुर्ची. उशी. नातीला वाटलं आजी खेळायला आली. चमच्याला त्यांच्याकडे पुना म्हणतात हे कळल्यावर मी तिला सांगितलं की पुणे नावाचं मोठं शहर आहे आणि आमचे जुने लोक त्याला पुनाच म्हणायचे. ती सोफ्यावर लोळून हसली. चार दिवसांत तिला वीसेक शब्द यायला लागले. मीही तिच्यावर कुरघोडी केल्यासारखी खूश होते.

शिकवणीच्या पाचव्या दिवशी ती ग्लास पुढे करून म्हणाली, "आजी, वाई." लगेच तिनं स्वतःच सुधारलं, "पानी."

"पाणी," मी म्हटलं.

"पानी."

"पानी नाही. पाणी! जीभ वर लाव. पाणी!"

"पानी," ती बारीक आवाजात म्हणाली.

"चाळीतल्यासारखं बोलू नकोस!" मी ओरडले. पोरगी दचकली, ग्लास टेबलावर ठेवून धावत गेली आणि पडद्यामागे लपली. तिला चाळ म्हणजे काय हेसुद्धा माहीत नव्हतं.

ते वाक्य माझं नव्हतं. मी दादरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना एका प्राध्यापकांनी मला वर्गात उभं करून धडा वाचायला लावला होता. मी 'पानी' वाचलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "हे कॉलेज आहे. चाळीतल्यासारखं बोलू नका." अख्खा वर्ग हसला. आम्ही बौद्ध, गिरणगावातल्या चाळीतले. मी कुठली, कुणाची, हे सगळं त्यांनी त्या एका अक्षरावरून ओळखलं होतं आणि वर्गालाही दाखवून दिलं होतं.

मी घरी येऊन आरशासमोर 'ण' घोटला. महिन्याभरात माझी भाषा लख्ख झाली. मग मी माझ्या आयला सुधारायला घेतलं. लोनी नाही, लोणी. कोन नाही, कोण. ती आधी हसायची, पुढे गप्प झाली. बँकेत लागल्यावर माझ्या मैत्रिणी घरी यायच्या, तेव्हा ती चहा ठेवून आतल्या खोलीत जाऊन बसायची. मी एकदाही तिला बाहेर बोलावलं नाही. आणि पुढे माझ्या मुलीच्या तोंडात मी असली भाषा घातली की जिच्यात 'न' आणि 'ण'ची भानगडच नाही.

पडद्यापाशी मी खाली बसले. गुडघे दुखत होते. "बाळा, माझं चुकलं," मी म्हटलं. "पानी बरोबर आहे. माझी आय पानीच म्हणायची." तिला किती कळलं कोण जाणे. ती बाहेर आली आणि पाणी प्यायली.

हे सगळं मी मुलीला पहिल्यांदाच सांगितलं. ती म्हणाली, "तिच्या तिकडच्या पणजीला शाळेत हवाईयन बोलली म्हणून पट्टीनं मारायचे, आई. तिनं मुलांना भाषा दिलीच नाही. माझ्या नवऱ्यानं ती मोठेपणी क्लास लावून शिकली."

मला त्या न पाहिलेल्या शाळेचाही राग आला. त्या प्राध्यापकांचा तर इतका आला की ते जिवंत असते तर दादरला त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले असते. पण माझ्या आयला आतल्या खोलीत त्यांनी नव्हतं बसवलं.

त्या दोघी परत गेल्या. गेल्या रविवारी नातीचा व्हिडिओ कॉल आला. शाळेत प्रत्येकानं आपल्या आजीचे दहा शब्द सांगायचे होते. मी माझ्या आयचे दिले, ती म्हणायची तसेच. केरसुनी. फनी. दळन. कोन हाय. नात एकेक मोठ्यानं म्हणत होती, अगदी हुबेहूब.

मागून मुलीचा आवाज आला, "आई, शाळेत सांगायचंय तिला. जरा शुद्ध मराठी दे ना."

"हेच शुद्ध आहे," मी म्हटलं, "आणि तू मध्ये बोलू नकोस." मग नातीला पुढचा शब्द दिला.