काजूच्या शेडमधला पगारी संघ

पोरींना बास्केटबॉल खेळायचा पगार मिळतो, हे मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात लोकांच्या गळी उतरवायला किशोरीला अख्खं वर्ष लागलं. मासेवाली विमला तर तिला भर बाजारात विचारायची, "खेळूचो पगार? मगे जेवूचोय पगार दितत काय गो?" आणि आजूबाजूच्या सगळ्या जणी खो खो हसायच्या. किशोरीही हसायची. करते काय?

किशोरी गावच्या हायस्कुलात खेळाची शिक्षिका. गाव कट्ट्यापासून आत, व्हाळ म्हणजे ओढा ओलांडला की लागतं. बाईची उंची अशी की माजघराच्या दारात तिला मान वाकवावी लागे. एवढ्या उंचीचं करायचं काय, ही घरच्यांना तिच्या लग्नापर्यंतची काळजी होती. लग्न काही झालं नाही, काळजी तेवढी राहिली. कॉलेजात असताना ती विद्यापीठाकडून खेळली, लोकांनी पाठ थोपटली, आणि शिक्षण संपल्यावर ज्याने त्याने विचारलं, "आता पुढे काय?" पुढे काहीच नव्हतं. चेंडू ठेवून दिला आणि ती शाळेत कवायत घेऊ लागली. तो सल तिच्या मनातून कधी गेला नाही. आपण ज्या वयात चेंडू ठेवला त्या वयात निदान एका तरी पोरीला तो ठेवावा लागू नये, एवढीच तिची इच्छा होती.

मग बायकांची नवी पगारी लीग निघाली. गावचाच धनेश, मालवणात हॉटेलं काढून बसलेला, चतुर्थीला घरी आला होता. त्याने शाळेच्या मैदानावर किशोरीच्या पोरी पाहिल्या आणि या लीगमध्ये आपला संघ उतरवायचा, असा किडा त्याच्या डोक्यात शिरला. वाडवडिलांच्या बंद पडलेल्या काजू कारखान्याची शेड त्याने झाडून घेतली, खाली लाकडी फळ्या बसवल्या, वर दिवे लावले. पहिले काही महिने चेंडू आपटला की फटीतून काजूची टरफलं उडत. पोरी आल्या कुडाळहून, सावंतवाडीहून, दोघी कोल्हापूरकडच्या. गावातली एकटी भक्ती. कुडाळच्या एमआयडीसीत पॅकिंगला जायचं तिचं ठरलेलं होतं, ते किशोरीने तिच्या बापाच्या हातापाया पडून मोडलं होतं.

पहिल्या हंगामात सगळे सामने परमुलखात झाले आणि आमच्या पोरींनी सपाटून मार खाल्ला. एक सामना जिंकला. त्या एका सामन्यावर गावाने ढोल वाजवले, आणि विमलाने भक्तीच्या आईच्या पिशवीत न मागता सुरमईचा तुकडा टाकला. दुसऱ्या हंगामाआधी लीगने नियम काढला. प्रत्येक संघाला स्वतःचं मैदान हवं, ते लीगचा माणूस येऊन बघेल, मापं घेईल, मगच संघ राहील. डिसेंबरात कधी येऊ, असं त्यांनी विचारलं. किशोरी म्हणाली, "कधीही या."

इथेच चुकलं.

या गावात गावपळण असते. काही वर्षांनी एकदा, देवदिवाळीनंतर, देवाला कौल लावतात. कौल झाला की अख्खं गाव दारांना कुलपं घालून, गुरंढोरं, कोंबडी, कुत्री-मांजरं बरोबर घेऊन वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस माडाच्या झापांच्या खोपी घालून राहतं. गावात चिटपाखरू राहता कामा नये. परत फिरायचं तेही देवाला विचारूनच. किशोरी हे विसरली होती असं नाही. मागची पळण अलीकडेच झाली होती, तेव्हा यंदा देव काही कौल देणार नाही, असं ती धरून चालली होती. ही चूक परक्याच्या हातून झाली नसती. त्याने आधी चार माणसांना विचारलं असतं.

कौल झाला, आणि पळण नेमकी पाहणीच्या दिवसांवर आली. किशोरीच्या तोंडचं पाणी पळालं. ती चुलत्यांकडे, गुरुदासकाकांकडे धावली. काका देवाचे मानकरी, स्वभावाने लोण्याहून मऊ.

"बाय माझे, माका समाजता गो," काका म्हणाले. "पण कौल काय मी पाडलंय? पडलो तो पडलो. तुज्या लीगवाल्यांका सांग मां, जरा मागसून येवा."

धनेशला फोन केला. त्याचा पैसा, त्याचीच शेड. तो तरी काही म्हणेल असं तिला वाटलं होतं. "माका काय विचारतंस?" तो म्हणाला. "माझी म्हातारी आवस सगळ्यांच्या आधी कोंबडी घेवन भायर पडतली."

लीगच्या कचेरीत किशोरीने आपलं शुद्ध मराठी काढलं, विनवण्या केल्या. पलीकडचा आवाज फार सभ्य होता. पाहणीचे साहेब गोव्याहून परतताना चौथ्या दिवशी दुपारी येतील, संध्याकाळची गाडी कुडाळहून धरतील. त्यापुढे मात्र एक दिवसही नाही, दुसऱ्या दिवशी संघांची बैठक आहे. किशोरीला आनंदाने रडू आलं. तीन दिवस पळण, चौथ्या दिवशी सकाळी गाव परत, दुपारी साहेब. सगळं कसं बसलं होतं!

ते तीन दिवस मजेत गेले. व्हाळाच्या अलीकडे खोपी, एकत्र रांधणं, म्हाताऱ्यांची भजनं. कोल्हापूरच्या पोरींना तर ही सहलच वाटली. व्हाळापलीकडे झाडांतून शेडचे नवे पत्रे चकाकत होते. किशोरी सारखी तिकडे बघायची.

चौथ्या दिवशी सकाळी गुरुदासकाकांनी गाऱ्हाणं घातलं. परत जाऊ का, म्हणून देवाला विचारलं. देवाला चिकटवलेल्या पाकळ्यांपैकी उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाकळी हलली, आणि डावीकडची पडली.

"देव आजचो दीस भायरच रवा म्हणता," काका म्हणाले. त्यांनी किशोरीकडे बघायचं टाळलं.

कोणी कुरकुर केली नाही. बायांनी पुन्हा चुली पेटवल्या. किशोरीला वाटलं, ओरडावं, कोणाची तरी गचांडी धरावी. पण धरायची कोणाची? सगळेच तिचे, सगळ्यांनाच वाईट वाटत होतं. भक्तीच्या आईने तिच्या हातात चहाचा पेला दिला आणि शेजारी बसून राहिली.

दुपारी साहेब आले. भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "मॅडम, ती समोर दिसते तीच शेड ना? मी एकटा जाऊन येतो. पाच मिनिटांचं काम. तुमच्यापैकी कोणी आलंच पाहिजे असं नाही, फक्त कुलूप उघडायला एक जण द्या."

खोपींपुढे सगळं गाव उभं होतं. कोणी नाही म्हटलं नाही. परक्या माणसाला काय सांगायचं? सगळे नुसते किशोरीकडे बघत राहिले.

भक्तीने तिच्या हातातली किल्ली हळूच काढून घेतली, चपला काठावर ठेवल्या आणि व्हाळात पाय घातला. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. आणि किशोरीने तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं. साहेबांना ती म्हणाली, "आज नको. माफ करा."

साहेबांनी घड्याळ बघितलं, नमस्कार केला आणि ते कुडाळच्या रस्त्याला लागले. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत आमच्या जागी दुसऱ्या शहराचा संघ आला. कोल्हापूरच्या दोघींना त्यांनी घेतलं. भक्तीला कोणी विचारलं नाही.

त्याच सकाळी देवाने कौल दिला होता. गुरं पुढे, माणसं मागे, सगळे हसत गावात शिरले. बैठकीचं फोनवर कळलं तेव्हा किशोरी शेड उघडत होती. भक्ती दारातच थांबली. तिला आता सोमवारपासून पॅकिंगला जावं लागणार होतं.

"बाई, माका कित्याक धरलात?" तिने विचारलं. रागाने नाही, तिला खरंच कळत नव्हतं. "मी गेलंय असतंय तर देवान काय केल्यान असता?"

काही केलं नसतं. किशोरीला ते व्हाळाच्या काठावरही पक्कं ठाऊक होतं. आणि उद्या तीच वेळ आली तर आपण पुन्हा हिचा हात धरू, देवाच्या भीतीने नव्हे, खोपींपुढे उभ्या राहिलेल्या आपल्या माणसांसाठी, हेही तिला तितकंच पक्कं ठाऊक होतं.