बस्त्याच्या दिवशी वाजलेली घंटा

आग लागली तर तुम्ही भरवसा कोणावर ठेवाल? भिंतीवरच्या बाणावर, की घरच्या मोठ्या काकूवर? जळगावात कापडाच्या गादीवर पंचवीस वर्षं काढली. किस्से ताग्यासारखे असतात, एक टोक ओढलं की पुढचं आपोआप उलगडतं.

गोष्ट नव्वदनंतरची. आमची दुकानं वरच्या मजल्यावर, जिना एकच. आम्हाला मागची भिंत फोडून दुसरा हवा होता. बिल्डिंगचे मालक भिकाशेठ म्हणायचे, "एक पुरतो." शेवटी धुळ्याहून कॉलेजातले एक सर आले. संकटात गर्दी बाहेर कशी पडते, याचं त्यांनी कॉम्प्युटरवर गणित मांडलं होतं. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. घंटा वाजली की ठिपका दाराकडे पळतो. उत्तर आलं, तीन मिनिटं.

भिकाशेठ खूश. मी म्हटलं, "सर, ठिपक्याला नातेवाईक नसतात. एकदा खरी घंटा वाजवून बघा."

ठरलं. पाच मिनिटांच्या वर वेळ गेला तर भिंत फुटणार.

*

घंटा वाजली. कोणी हललं नाही. सगळ्या माना आबांकडे वळल्या. आबा आमच्यातले सगळ्यात जुने व्यापारी. ते बशीत चहा फुंकत होते. मी शेजाऱ्याला म्हटलं, "ऊठ ना."

"आबा बसलेले दिसत नाहीत का?"

आबांचा चहा संपला, मग मार्केट उठलं. सर म्हणाले, "हा चहा माझ्या गणितात नाही."

*

त्या दिवशी शिरपूरच्या एका लग्नाचा बस्ता होता. कापडखरेदीला दोन्हीकडची मिळून वीसेक माणसं. भिकाशेठची म्हातारी आईही साड्या बघायला वर येऊन बसली होती. जिन्याच्या तोंडाशी मुलीचे काका हात जोडून वरपित्याला म्हणाले, "आधी तुम्ही." तो म्हणाला, "छे, बायामाणसं आधी." बाया म्हणाल्या, "आधी विहीणबाई." विहीणबाई चपला शोधत होत्या. मागे अख्खं मार्केट तुंबलं.

"भाऊ, लोक धक्काबुक्कीनं अडकतात असं मी धरलं होतं," सर म्हणाले.

"आमच्याकडे मानपानानं अडकतात."

*

अर्धा जिना उतरल्यावर लग्नवाल्यांतल्याच कोणीतरी विचारलं, "आक्का कोठे शे?" झालं, वीसच्या वीस माणसं उलटी फिरली. आक्का, त्यांच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या, वर गादीवर शालू बांधून घ्यायला अडून बसलेल्या. "शालू बांधीसन दे, मंग येस."

सर विनवायला लागले, "आजी, आग लागलीय असं समजा."

"मंग तं शालू पहिले काढनं पडी."

*

अकरा मिनिटं लागली. भिकाशेठ सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "अर्ध्यातून परत वर गेले त्यांना धरू नका. शहाणा माणूस आगीत परत जातो का? ते वगळा, चार मिनिटांत बसतं."

सरांचा पेन थांबला. त्यांच्या ठिपक्यांनाही तेच सोयीचं होतं.

मी मागेच उभा होतो. म्हटलं, "वगळा हवं तर. पण मग भिकाशेठनाही वगळा. ते खाली दारात घड्याळ धरून उभे होते. उतरलेल्यांत त्यांना आई दिसली नाही. मी खाली पोचताच घड्याळ माझ्या हातात कोंबलं, गर्दी चिरत वर गेले आणि म्हातारीला उचलून खाली आणलं. घंटा खोटी आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?"

भिकाशेठनी माझ्या हातातलं घड्याळ परत घेतलं.

"सर," मी म्हटलं, "जो जसा वागला तसा लिहा. हिशोब खरा ठेवा."