सोनेरी कार्ड आणि बबनरावांचं ट्रॅफिक

मंडळी, आज दुपारी नागापूरला बबनरावांच्या नातीच्या बारशाला गेलो होतो. नव्वदच्या दशकात मी तिथल्या एका कारखान्यात सेल्स मॅनेजर होतो आणि बबनराव कंपनीची गाडी चालवायचे. मुंबईच्या फेऱ्या कायमच्या.

मुंबईतल्या दोन पंचतारांकित हॉटेलांची सोनेरी मेंबरशिप कार्डं माझ्या पाकिटात असायची. दोन्हीकडे मोठी खोली, फुकट नाश्ता, दारात नाव घेऊन नमस्कार. कुठे उतरायचं याचा विचार घाट उतरेपर्यंत चालायचा. शेवटी जायचो मात्र एकाच हॉटेलात, कारण बबनराव म्हणायचे, "सायेब, त्या दुसऱ्या हॉटेलाकडं ट्रॅफिक लई असतंय."

आज घुगऱ्या खाता खाता विचारलं, "खरंच तेवढं ट्रॅफिक असायचं का हो?"

बबनराव हसले. "न्हाई सायेब. तिथं ड्रायव्हरला जागाच नव्हती. गाडीतच पाय मुडपून झोपावं लागायचं. आपल्या हॉटेलात खाली खाटा हुत्या, गरम जेवन हुतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"कार्ड तुमचं हुतं. माझ्या खाटेसाठी हॉटेल ठरवा, असं कसं म्हननार?"

त्या हॉटेलाच्या लॉबीतली फुलंसुद्धा मला आठवतात. खाली खाटा होत्या, हे आज कळलं.

परत येताना रिक्षावाला म्हणाला, "काका, सावेडीकडनं नको, ट्रॅफिक लई हाय."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. तुम्हाला कोणी असं अलगद वळवलंय का?