ओठांच्या मागून येणारा आवाज

चाकणच्या एका कारखान्यात वडिलांनी सगळं आयुष्य पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काढलं. त्या दणदणाटात त्यांचे कान गेले. निवृत्त होईपर्यंत ते समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घ्यायला लागले होते. कानातल्या मशीनमुळे जे थोडंफार ऐकू यायचं, ते ओठांशी जुळलं की त्यांना अर्थ लागायचा.

लातूरकडच्या आमच्या गावात दर रविवारी संध्याकाळी भजन होतं आणि माझे थोरले चुलते गातात. चुलतभाऊ ते लाइव्ह दाखवायचा. मी मारुंजीहून कुरुळीला आई-वडिलांकडे गेलो की वडिलांना ते टीव्हीवर लावून द्यायचो. त्यासाठी वापरत होतो ते व्हिडिओ प्लेअरचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं, फुकट होतं. फावल्या वेळात मीही त्यावर काम करायचो.

गणपतीच्या सुमारास एका रविवारी वडील म्हणाले, "दादाचं तोंड आधी हालतंय, आवाज मागून येतोय."

मी घरी थोडा वेळ लावून तपासलं की सगळं ठीक दिसायचं. बरेच आठवडे असेच गेले. मग एकदा पूर्ण भजन संपेपर्यंत बसून राहिलो, तेव्हा कळलं. चित्र कॅमेऱ्यातून यायचं, आवाज वेगळ्या यंत्रातून, आणि दोघांची घड्याळं एका वेगाने चालत नव्हती. आमचा प्लेअर सुरुवातीला एकदाच दोन्ही जुळवायचा आणि पुढे बघायचाच नाही. शेवटाकडे चुलत्यांचे ओठ मिटलेले असायचे आणि ओळ अजून चालू असायची.

मी प्लेअरला सतत तपासायला लावलं. फरक पडला की आवाज कळणार नाही इतपत ताणायचा किंवा आवळायचा. बदल ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांकडे पाठवला. तिथल्या अनोळखी माणसाने विचारलं, एवढ्याशा फरकाने कुणाचं काय अडतं? मी वडिलांबद्दल लिहिलं. बदल स्वीकारला गेला.

पुढच्या रविवारी अभंग शेवटपर्यंत जुळून आला. मी वडिलांकडे बघितलं. त्यांनी मान डोलवली आणि म्हणाले, "झ्याक दिसतंय."

मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा आई भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघताच तिने सांगितलं, की मशीन लावूनही वडिलांना आता काहीच ऐकू येत नाही, त्यांनी ते कपाटात ठेवून दिलंय. मी विचारलं, कधीपासून? दिवाळीच्या आधीपासून, म्हणाली.

"तू एवढा राबत होतास, म्हणून बोलले न्हाईत."

मी बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसलो. भजन संपलं होतं. चुलते कॅमेऱ्याजवळ वाकून काहीतरी सांगत होते, पण हातातला माइक तोंडासमोर होता, त्यामुळे ओठ दिसत नव्हते. वडिलांनी विचारलं, काय म्हणतोय दादा?

मी त्यांच्या समोर जाऊन सावकाश सांगितलं, "पुढच्या महिन्यात गावाकडं या म्हणतात. भजनाला बसा म्हणतात."

त्यांनी टीव्हीकडे बघितलं. तिकडे मंडळी सतरंजी गुंडाळत होती.

"सांग त्याला, गुडघे दुखतात," ते म्हणाले.