येथे माळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही बाईंना ओळखत नव्हता, म्हणून असेल.

बाई माझ्या गुरू. सोलापुरात बागा, आवारं आखून द्यायचं काम त्यांनी सुरू केलं तेव्हा लोक त्यांना 'माळीणबाई' म्हणायचे. त्या हसून सोडून द्यायच्या. विकतची हिरवळ अंथरू नका, आपल्या उन्हात टिकतं ते जपा, हे मात्र सांगत फिरायच्या. आज शहरात लोक कडुलिंबाखालच्या ज्या पारांवर टेकतात, त्यातले कितीतरी त्यांचेच.

एका कॉलेजच्या नकाशात मागच्या उघड्या जमिनीवर त्यांनी लिहिलं — 'येथे माळ'. म्हणजे कुसळी गवत, टिटवीची अंडी, सगळं आहे तसं राहू द्या. मग त्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेल्या आणि काम माझ्यावर आलं.

संस्थेचे अध्यक्ष जागेवर आले. "माळ बगायला हितं कोन येतंय? आमच्या दारात लई हाय की. पाम लावा." मी काय म्हणालो? "बरं, साहेब." पुढची कामं त्यांच्याच हातात होती — घाबरलो. जेसीबीनं माळ खरवडला, पामची रांग उभी राहिली. टिटव्या दिवसभर ओरडत होत्या.

बाई परतल्या. काळा चष्मा लावून तिथं उभ्या राहिल्या. रागावल्या असत्या तर — पण नाही. "अरे, हे काय?" एवढंच. आणि मी म्हणालो, "बाई, तुम्ही नुसतं 'माळ' लिहिलं होतं. मला वाटलं, झाडांची माळ."

त्यांना ते पटलं. "माझंच चुकलं रे. माळरान लिहायला हवं होतं."

पुढे त्या पोरांना हे काम शिकवू लागल्या, तेव्हा प्रत्येक वर्गात ही गोष्ट स्वतःवर हसत सांगायच्या. एका शब्दापायी माझा माळ गेला, तुम्ही शब्द पुरता लिहा. मागच्या बाकावर मीही हसायचो. त्या हसण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. खरं सांगावंसं वाटलं नाही का? वाटलं. प्रत्येक वेळी वाटलं. परवा त्यांच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं — आणि मी काय सांगितलं असेल? तीच गोष्ट. लोक डोळे पुसता पुसता हसले.

आमच्याकडे शिकलेली पोरं अजून नकाशावर 'माळरान' असंच लिहितात. बाईंची शिकवण, म्हणतात.

मी मोडनिंबचा. माळावर शेरडं राखत वाढलो. माळ म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं.