अक्का आणि मयताची टेस्ट

आमच्या राजाजीनगरच्या ऑफिसात महानंदा अक्कांनी ‘नाही’ म्हटलं की विषय संपला. मालक मी आहे, दारावरच्या पाटीवर अवधूत हे नाव माझं आहे, पण त्याचा काही उपयोग नाही.

अक्का मूळच्या निपाणीच्या. लग्न होऊन बेंगळुरूला आल्या, चिकपेटातल्या साड्यांच्या घाऊक दुकानात बिलं टाइप करता करता कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि आता मी लिहिलेल्या प्रोग्रामांत खोट काढणं हे त्यांचं काम आहे. ते त्या मन लावून करतात. मी पुण्याचा, माझ्या कामात कुणी खोट काढलेली मला मुळात सोसत नाही. त्यात अक्का ती काढतात डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे करत, त्यामुळे धड भांडताही येत नाही.

या वेळी काम होतं इथल्या एका मराठी मंडळाच्या वेबसाइटचं. सभासदांची नावं मानाने छापायची: श्री., सौ., कै., जे काय असेल ते. त्यासाठी मी एक टॅग लिहिला. टॅग म्हणजे पानाच्या साच्यात घालायची छोटीशी खूण. पान उघडलं की तिच्या जागी उपाधीसकट नाव उमटतं. त्याची टेस्ट लिहिणं अगदी सोपं. एक खोटा सभासद तयार करायचा, साच्याला द्यायचा आणि हवं तेच छापून येतंय का बघायचं.

अक्कांनी श्री.ची टेस्ट लिहिली, सौ.ची लिहिली, आडनाव नसलं तर काय, नाव लांबलचक असलं तर काय, सगळं लिहिलं. कै.ची, म्हणजे ज्यात मरणाची तारीख लागते अशी मात्र एकही लिहिली नाही. विचारलं तर म्हणाल्या, या आठवड्यात नको. त्या आठवड्यात त्यांच्या यजमानांचं, कल्लाप्पांचं, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होतं. मला माहीत होतं, रजा मीच मंजूर केली होती. पण आमच्या खोट्या सभासदाचा आणि कल्लाप्पांच्या झडपेचा संबंध काय? मी म्हटलं, कुठलंही नाव घाला. त्या म्हणाल्या, त्या नावाचं माणूस कुठंतरी असणारच. बरं, मग नुसतं ‘क ख ग’ घाला. तर म्हणे नाव कुणाचं का असेना, तारीख आपल्याच हातानं टाकायची ना. मी कपाळाला हात लावला. त्यावर विज्ञान या विषयावर त्यांना लांबलचक व्याख्यान दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘सर, ते बरे होऊन घरी येऊ देत. मग म्हणाल तितक्या लिहिते.’

साइट सुरू व्हायची होती नेमकी ऑपरेशनच्या दिवशी. मंडळाचे सेक्रेटरी प्राणेश सकाळपासून फोनवर फोन करत होते. टेस्ट झाल्याशिवाय काहीही बाहेर सोडायचं नाही, हा नियम ऑफिसात मीच घालून ठेवलेला. शेवटी वैतागून मीच लिहायला बसलो. नाव टाकायचं होतं. बोटांनी आपोआप वडिलांचं टाइप केलं. ते खोडलं. मग भावाचं, तेही खोडलं. मग म्हटलं, माझंच टाकतो. टाकलं, आणि पुढे तारीख काही टाकवेना. इंजिनिअर झालेला माणूस मी, नुकतंच विज्ञानावर व्याख्यान देऊन मोकळा झालेला. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. दुपार तशीच गेली, आणि प्राणेश फोन करायचे काही थांबेनात.

मग अक्कांचा फोन आला. आवाज पार बसलेला.

‘सर, झालं. शुद्धीवर आलेत. मला ओळखलं.’

मला बरंच काही बोलायचं होतं. मी नुसतं ‘छान, छान’ म्हणत राहिलो. त्यांनीच विचारलं, ती टेस्ट झाली का. नाही झाली, मी सांगून टाकलं.

‘मग आता लिहा. नाव माझं घाला.’

‘अक्का, काहीतरीच काय.’

‘माझंच घाला. त्यांच्या आधी मला ने, असं देवाला मी कधीच सांगून ठेवलंय. आज त्यांना ठेवलं ना त्यानं. मला आता कसली भीती?’

फोन चालूच ठेवून मी टाइप केलं. नाव महानंदा, पती कल्लाप्पा, हयात. आणि अक्कांच्या मरणाची तारीख. टेस्ट चालवली तर पडद्यावर लाल अक्षरं, म्हणजे नापास. छापून यायला हवं होतं ‘कै. सौ. महानंदा कल्लाप्पा खोत’. माझा टॅग नवरा हयात आहे एवढंच बघून तिथेच थांबला होता. बाई स्वतः आहे की गेली, हे त्याने विचारलंच नव्हतं.

‘काय आलं, सर?’

‘सौ. महानंदा कल्लाप्पा खोत.’

पलीकडच्या हॉस्पिटलमधल्या गलक्यातून त्या म्हणाल्या, ‘बरोबर आहे की. चुकलं कुठं?’

आल्यावर सांगतो, म्हणून मी फोन ठेवला. दुरुस्ती अगदी किरकोळ होती, मरणाची तारीख बघणारी खालची ओळ उचलून वर न्यायची. अक्का मेल्या हे त्या टॅगला पटवायचं, एवढंच. मी त्या ओळीकडे बघत बसलो. तेवढ्यात प्राणेशांचा पुन्हा फोन. साइट उद्या सुरू होईल, मी सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, तर मी त्यांच्यावरच खेकसलो.